घरातील राऊटरची देखभाल : लहान सेवादात्यांची नवी जबाबदारी

रस्ता, पाणी आणि वीज यांच्या जोडीला इंटरनेटची जोडणी ही ग्रामीण जीवनाची एक मूलभूत गरज होऊन बसली आहे. सातबाऱ्याचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंदणी, शाळेची माहिती वरिष्ठ कार्यालयास कळविणे, बँकेचा व्यवहार, या सर्व कामांची वाट आता या जोडणीतूनच जाते. साहजिकच ‘नेट गेले’ ही तक्रार गावोगाव रोज ऐकू येते. ही तक्रार होताच दोष खांबावरील तारेचा किंवा सेवा पुरविणाऱ्याचा असावा, असे गृहीत धरले जाते. वस्तुतः अनेकदा तार शाबूत असते, सेवादात्याचे केंद्र सुरू असते आणि बिघाड असतो तो ग्राहकाच्या घरात, भिंतीवर टांगलेल्या किंवा कपाटावर ठेवलेल्या एका लहानशा पेटीत. ही पेटी म्हणजे राऊटर होय.

राऊटर घरात असला, तरी त्याची काळजी कोणी घ्यावयाची, हा प्रश्न बरीच वर्षे अनिर्णित होता. सेवादात्याने तार घरापर्यंत आणून द्यावी आणि पुढचे ग्राहकाने पाहावे, अशी साधारण रीत होती. आता तालुक्याच्या ठिकाणचे लहान सेवादातेही राऊटर स्वतः पुरवून त्याची देखभाल आपल्या केंद्रातून करू लागले आहेत. या व्यवस्थेचे स्वरूप काय, तिचे लाभ कोणते आणि ती स्वीकारताना कोणती दक्षता घ्यावी, हे ग्रामपंचायती, शाळा आणि शासकीय कार्यालये यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

केबलपासून फायबरपर्यंत

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवेचा प्रारंभ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने केला. त्या वेळी ही सेवा दूरध्वनीच्या तारेवरून आणि मोजक्या महानगरांतच मिळत असे. १९९८ साली केंद्र शासनाने नवे धोरण जाहीर करून खाजगी सेवादात्यांना हे क्षेत्र खुले केले. पुढे २०१३ पासूनच्या एकीकृत परवाना पद्धतीत संपूर्ण देशासाठी ‘अ’, एखाद्या दूरसंचार परिमंडळासाठी किंवा महानगरासाठी ‘ब’, आणि साधारणपणे एका-दोन जिल्ह्यांएवढ्या क्षेत्रासाठी ‘क’ अशा तीन वर्गांचे इंटरनेट परवाने ठेवण्यात आले. या तिसऱ्या वर्गामुळे लहान उद्योजकाला या व्यवसायात पाऊल ठेवता आले.

महाराष्ट्रात या उद्योजकांपैकी अनेकजण मूळचे केबलवाले. १९९० नंतरच्या दशकात त्यांनी गल्लीगल्लीत दूरचित्रवाणीच्या तारा ओढल्या. कोणत्या घराच्या गच्चीवरून तार न्यावी, कोणत्या खांबाशी डबा बसवावा, कोणाच्या परवानगीवाचून काम अडेल, याची त्यांना पूर्ण माहिती होती. काळ बदलला तसे त्यांच्यापैकी काहींनी इंटरनेटचा परवाना घेतला, तर काहींनी मोठ्या परवानाधारकाशी करार करून त्याच्या वतीने सेवा देण्यास सुरुवात केली. तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली. ग्राहकाशी त्यांचे नाते मात्र तेच राहिले. तक्रार आली की आपल्या ओळखीचा माणूस मोटारसायकलवर बसून येतो, हा विश्वास हेच या लहान सेवादात्यांचे मोठे भांडवल होय. मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत ते टिकून आहेत ते प्रामुख्याने याच भांडवलावर.

पेटीचे कार्य

सेवादात्याच्या केंद्रातून निघालेला एक काचतंतू प्रकाशाच्या रूपाने माहिती वाहून नेतो. वाटेत विभाजक बसवून त्याच तंतूवर बत्तीस किंवा चौसष्ट घरे जोडता येतात. जीपॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत साधारणतः वीस किलोमीटरपर्यंतच्या अंतरावर सेवा पोहोचू शकते, आणि केंद्राकडून येणारा वेग सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट असतो. तो सर्व जोडलेल्या घरांत वाटला जातो. घरी आलेल्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे ओएनटी. त्या एका जोडणीचा लाभ घरातील अनेक मोबाइल, संगणक आणि दूरचित्रवाणी संचांना वाटून देणारे उपकरण म्हणजे राऊटर. हल्ली ही दोन्ही कामे बहुधा एकाच पेटीत केलेली असतात.

ही वाटणी वाय-फायच्या बिनतारी लहरींनी होते. या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत काम करतात. पहिल्या पट्ट्याच्या लहरी लांबवर जातात, पण वेग कमी देतात. दुसऱ्या पट्ट्याच्या लहरी वेगवान असतात, मात्र भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. कोकणातील जांभ्या दगडाच्या भिंती, देशावरील जुन्या वाड्यांच्या हात-दीड हात रुंदीच्या मातीच्या भिंती आणि नव्या घरांतील लोखंडी सळयांचे स्लॅब, ही तिन्ही त्यांची वाट अडवितात. दर्शनी खोलीत उत्तम चालणारे इंटरनेट माजघरात रेंगाळते, त्याचे कारण बहुधा हेच असते. शेजारीपाजारी सर्वांचे राऊटर एकाच मार्गिकेवर बोलू लागले, तरीही असाच गोंधळ होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या मार्गिका केवळ तीन, म्हणजे १, ६ आणि ११ या क्रमांकांच्या आहेत.

बिघाडाची कारणे आणि एका फेरीचा खर्च

घरातील बिघाडाची कारणे पाहिली, तर ती बहुधा साधीच निघतात. वीज येता-जाता दाब वाढून ॲडॉप्टर जळतो. घरात साफसफाई करताना काचतंतू अणकुचीदार कोनात दुमडला जातो. पेटी कपाटात बंद राहिल्यामुळे तापते. परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, बदलून कोणीतरी विसरून जाते. आणि कित्येकदा घरातील एखादा उत्साही तरुण ‘बंद करून चालू करावे’ हा सल्ला ऐकून, पेटीच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी खुपसून धरतो. त्यामुळे राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू तर होतो, पण सेवादात्याने त्यात नोंदविलेले ग्राहकाचे नाव व पासवर्डही पुसले जातात. पेटी कारखान्यातून आली त्या स्थितीला परत जाते. मग तंत्रज्ञ प्रत्यक्ष आल्यावाचून इंटरनेट सुरू होत नाही.

या फेरीचा हिशेब लहान सेवादात्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. समजा, तालुक्याच्या गावी एका सेवादात्याचे दीड हजार ग्राहक आहेत आणि त्याच्याकडे दोन तंत्रज्ञ आहेत. पंचवीस किलोमीटरवरील वाडीतून तक्रार आली, तर जाण्यायेण्याच्या पन्नास किलोमीटरला मोटारसायकलचे लिटरभर पेट्रोल आणि तंत्रज्ञाचा अर्धा दिवस लागतो. तेथे जाऊन पाहावे, तर राऊटरचे बटण बंद असते किंवा केवळ पासवर्ड नव्याने भरावयाचा असतो. महिन्याला चार-पाचशे रुपये देणाऱ्या ग्राहकाकडे अशी एक फेरी झाली की त्या महिन्याची मिळकत बहुतांशी संपते. त्याच वेळी दुसऱ्या गावात खरोखरच तुटलेली तार जोडणीची वाट पाहत असते. ज्या शाळेची ऑनलाइन परीक्षा त्या दिवशी असेल, तिचे नुकसान तर पैशात मोजता येत नाही. अनावश्यक फेरी वाचविणे हे म्हणूनच सेवादात्याइतकेच ग्राहकाच्याही हिताचे आहे.

दूरस्थ देखभालीची पद्धत

दूरस्थ देखभालीत राऊटर ठराविक काळाने सेवादात्याच्या केंद्रातील एका संगणकाशी संपर्क साधून आपली प्रकृती कळवितो. या संवादासाठी सर्व उत्पादकांना समान अशी एक नियमावली २००४ साली प्रसिद्ध झाली. ती टीआर-०६९ या नावाने ओळखली जाते. तिची सुधारित पिढी टीआर-३६९ ही २०१८ साली आली. समान नियमावली असल्यामुळे निरनिराळ्या उत्पादकांच्या पेट्या एकाच केंद्रातून सांभाळणे शक्य झाले. पूर्वी केवळ मोठ्या कंपन्यांना परवडणारी ही यंत्रणा मुक्त स्रोत आज्ञावलींमुळे लहान सेवादात्यांच्याही आवाक्यात आली आहे.

या पद्धतीत केंद्रातील कर्मचाऱ्यास बसल्या जागी बरेच काही समजते. घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची तीव्रता किती आहे, हे त्याला पाहता येते. जीपॉनच्या सर्वसाधारण प्रकारात ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावी लागते. उणे २७ च्या खाली गेल्यास जोड खराब झाला आहे किंवा तंतू दुमडला आहे, असा अंदाज बांधता येतो. एकाच घराचा प्रकाश गेला असेल तर दोष त्या घराच्या तारेत, आणि एका विभाजकावरील सर्व घरे अंधारात असतील तर दोष मुख्य तारेत, हेही तत्काळ कळते. तंत्रज्ञाला कोठे जावयाचे आणि सोबत काय न्यावयाचे, हे निघण्यापूर्वीच ठरते.

निदानाबरोबर उपचारही दुरूनच करता येतो. विसरलेला पासवर्ड नव्याने देणे, गर्दीची मार्गिका बदलणे, राऊटर पुन्हा सुरू करणे, त्यातील आज्ञावली अद्ययावत करणे ही कामे फेरीवाचून होतात. केंद्राचा पत्ता कारखान्यातच पेटीत नोंदविला असेल, किंवा जोडणी होताच तो आपोआप मिळेल अशी सोय केली असेल, तर टाचणीने पुसलेली माहितीदेखील परत भरता येते. तुटलेला तंतू, जळालेला ॲडॉप्टर किंवा गेलेली वीज यांवर मात्र या पद्धतीत उपाय नाही. तेथे माणसालाच जावे लागते.

सुरक्षिततेचा धडा

देखभालीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, याची जाणीव जगाला २०१६ साली झाली. ‘मिराई’ नावाच्या एका घातक आज्ञावलीने त्या वर्षी लक्षावधी कॅमेरे, राऊटर व तत्सम उपकरणे काबीज केली. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्यातून आलेले सुमारे साठ सर्वपरिचित नाव-पासवर्डांचे जोड ती एकामागून एक लावून पाहत असे. ज्यांनी पासवर्ड बदललेच नव्हते, त्यांची दारे सहज उघडली. या उपकरणांच्या साहाय्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील ‘डिन’ या संस्थेवर हल्ला होऊन अनेक प्रसिद्ध संकेतस्थळे काही तास बंद पडली. भारतातही जुलै २०१७ मध्ये हजारो मोडेम अशाच प्रकारच्या हल्ल्याने निकामी झाले, आणि कारखान्याचा पासवर्ड बदलण्याच्या सूचना ग्राहकांना द्याव्या लागल्या.

कोणाचीच देखरेख नसलेला राऊटर हा असा संपूर्ण जाळ्याला धोका ठरू शकतो. सामान्य ग्राहक आज्ञावली अद्ययावत करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. जाणकार सेवादात्याने हे काम अंगावर घेतले, तर एका रात्रीत हजार घरे सुरक्षित होऊ शकतात.

तथापि या नाण्याला दुसरी बाजू आहे. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची सेवा कोलमडली. दूरस्थ देखभालीसाठी राखून ठेवलेल्या ७५४७ क्रमांकाच्या द्वारावरच हल्लेखोरांनी धडका मारल्या होत्या आणि त्या भाराने राऊटर बंद पडत होते. त्यावरील उपाय म्हणून सुधारित आज्ञावली तातडीने राऊटरपर्यंत पोहोचविण्यात आली. देखभालीचे दार उघडे टाकल्यास चोरही त्याच वाटेने येतो, हा या घटनेचा धडा आहे. हे द्वार केवळ सेवादात्याच्या केंद्रालाच प्रतिसाद देईल, संवाद सांकेतिक लिपीत होईल आणि प्रत्येक पेटीचा पासवर्ड निराळा असेल, या तीन गोष्टींची निश्चिती सेवादात्याने केलीच पाहिजे. हजार घरांची किल्ली एका केंद्रात ठेवताना त्या केंद्राचे कुलूप तितकेच भक्कम हवे.

घराची किल्ली कोणाकडे

दूरस्थ देखभाल म्हणजे आपले खाजगी संभाषण वाचण्याची सेवादात्याला मुभा, अशी एक भीती व्यक्त होते. तिच्यात तथ्य किती, हे स्पष्ट व्हावयास हवे. बँका, टपाल आणि बहुतेक संकेतस्थळे यांच्याशी होणारा व्यवहार आज सांकेतिक लिपीत चालतो. राऊटर सांभाळणाऱ्याला त्यातील मजकूर वाचता येत नाही. परंतु घरात किती उपकरणे जोडली आहेत, त्यांची नावे काय, ती केव्हा सुरू व केव्हा बंद होतात, हे त्याला दिसू शकते. घरातील माणसे केव्हा जागी असतात आणि केव्हा बाहेरगावी जातात, याचा अंदाज एवढ्या माहितीवरूनही बांधता येतो. लहान गावात, जेथे सेवादाता आणि ग्राहक एकमेकांना नावानिशी ओळखतात, तेथे या माहितीचे मोल अधिकच वाढते. ओळखीमुळे विश्वास निर्माण होतो हे खरे, पण तीच ओळख कुतूहलालाही वाव देते.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने अशा माहितीच्या वापरासाठी चौकट घालून दिली आहे. माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते, हे स्पष्टपणे सांगणे आणि त्या हेतूपुरताच तिचा वापर करणे, हे तिचे मुख्य सूत्र आहे. लहान सेवादात्यानेही हे सूत्र पाळावयास हवे. राऊटरच्या केंद्रात कोणत्या कर्मचाऱ्याने, केव्हा आणि कोणत्या तक्रारीसाठी प्रवेश केला, याची नोंद राहिली पाहिजे. नोकरी सोडून गेलेल्या तंत्रज्ञाचा प्रवेश त्याच दिवशी बंद झाला पाहिजे. वाय-फायचा पासवर्ड बदलण्याचा अधिकार ग्राहकाकडे राहिला पाहिजे. या गोष्टींना पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

मालकी आणि करार

राऊटर कोणाच्या मालकीचा, यावरून होणारे वाद टाळण्यासाठी आरंभीच स्पष्टता असावी. काही सेवादाते अनामत रक्कम घेऊन पेटी वापरावयास देतात, काही मासिक शुल्कात तिचे भाडे धरतात, तर काही ती विकत देतात. अनामत रक्कम असेल तर सेवा सोडताना ती केव्हा व कशी परत मिळेल, वीज पडून पेटी जळाल्यास भुर्दंड कोणी सोसावयाचा, आणि ग्राहकाला स्वतःचा राऊटर लावावयाचा असल्यास त्याची सोय होईल काय, हे लेखी असावे. ही शेवटची सोय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. सेवादात्याच्या पेटीने केवळ प्रकाशाचे रूपांतर करावयाचे आणि पुढील वाटणी ग्राहकाच्या राऊटरने करावयाची, अशी विभागणी करता येते. मात्र अशा वेळी घरातील वाय-फायची जबाबदारी ग्राहकाकडे राहते, हेही त्याने समजून घेतले पाहिजे.

सेवेबाबत वाद उद्भवल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचाच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यासाठी प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व दिनांक मागून घेणे आणि पावत्या जपून ठेवणे ही सवय उपयोगी पडते.

शाळा व ग्रामपंचायतींसाठी

राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याच्या योजनेस ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली, आणि पुढे तीच ‘भारतनेट’ या नावाने पुढे आली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेणे हे तिचे उद्दिष्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात गावातील घरांना जोडण्या देण्यासाठी स्थानिक उद्योजकांचा सहभाग आणि दीर्घकालीन देखभाल यांवर भर देण्यात आला आहे. तार टाकणे ही कामाची सुरुवात असते आणि तिचे चीज देखभालीने होते, हा अनुभव पाण्याच्या योजनांनी आणि हातपंपांनी गावांना पूर्वीच दिला आहे.

शाळा किंवा ग्रामपंचायत कार्यालय यांनी जोडणी घेताना काही बाबी आवर्जून तपासाव्यात. राऊटर दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने प्रमाणित केलेला आहे काय, हे पाहावे. त्याचा पासवर्ड पेटीवर छापलेलाच राहू न देता तो पहिल्याच दिवशी बदलून मुख्याध्यापक किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडे लखोट्यात ठेवावा, म्हणजे बदलीनंतर अडचण येत नाही. कार्यालयीन संगणक आणि अभ्यागतांचे मोबाइल यांच्यासाठी वाय-फायची दोन स्वतंत्र नावे ठेवून घ्यावीत. बहुतेक राऊटरमध्ये ही सोय असते. पेटी उंचावर, मोकळ्या हवेत आणि इमारतीच्या मध्यभागी बसवावी. बारा व्होल्टवर चालणाऱ्या राऊटरसाठी मिळणारा लहान बॅटरी संच घेतल्यास वीज गेल्यावरही दोन-तीन तास काम चालू राहू शकते. मागील छिद्रात टाचणी घालू नये, अशी सूचना पेटीशेजारी चिकटवावी.

लहान सेवादात्याने स्वतःकडे घेतलेली ही जबाबदारी सोपी नाही. तिच्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो, केंद्र रात्रंदिवस सुरू ठेवावे लागते आणि ग्राहकाचा विश्वास जपावा लागतो. पण मोटारसायकलवर येणारा तोच ओळखीचा माणूस, केंद्रात बसून घरातील बिघाड ओळखू लागला आणि खऱ्या गरजेच्या वेळी वेळेवर दारी पोहोचू लागला, तर गावाच्या सेवेचा दर्जा शहराच्या बरोबरीस येण्यास अवधी लागणार नाही. त्यासाठी सेवादात्याने शिस्त, ग्राहकाने जागरूकता आणि गावातील संस्थांनी लेखी कराराचा आग्रह धरावा. परीक्षेच्या सकाळी शाळेतील राऊटरचा हिरवा दिवा लागलेला असणे, हे या तिघांच्या सहकार्याचे फळ असते.